खटका, पिन आणि माणदेशाची कोरडी माती



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, शिवकालावर बोलावे, फार तर सहकारावर बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. 'घरातला दिव्याचा खटका आणि पिन' हा विषय पत्रिकेवर वाचून काहींना छपाईची चूक झाली असे वाटले असेल. ती चूक नव्हे. विषय मी मागून घेतला आहे, आणि वसंतासाठीच मागून घेतला आहे. चैत्र सरत आला, की आपल्या गावात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि माझ्या दृष्टीने विजेच्या अपघातांचा एक हंगाम तेथे सुरू होतो. दुसरा हंगाम पावसाळ्याचा. पण पाऊस आपल्याकडे बेताचा, कूलर मात्र घरोघर.

पत्र्याचा कूलर डोळ्यांसमोर आणा. खाली पाण्याची टाकी, आत पंखा आणि एक लहानसा पंप, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या. भर दुपारी पाणी संपते. घरातली बाई बादली घेऊन येते. पाय अनवाणी, फरशी ओली. एक हात तोल सांभाळण्यासाठी पत्र्यावर टेकलेला, दुसऱ्या हाताने पाणी ओतणे चालू, आणि कूलरही चालूच, कारण आत बाळ झोपलेले असते. वर्षभर माळ्यावर पडलेल्या त्या कूलरातल्या वायरीला उंदराने कोठे दात लावला आहे, हे तिला ठाऊक नाही. आता ती तांब्याची उघडी तार पत्र्याला चिकटली, तर पुढे काय होईल? हे त्या बाईच्या नशिबावर अवलंबून नाही. भिंतीतल्या सॉकेटाच्या तिसऱ्या छिद्रामागे काय आहे, किंवा काय नाही, यावर ते अवलंबून आहे.

वीज ही आपल्या जिल्ह्याला परकी गोष्ट नाही. खोपोलीला टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून वीज पसरली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची पहिली जनित्रे फिरू लागली. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि आपल्या दारचा मीटर महावितरणकडे आला. कोयना आपल्याच सातारा जिल्ह्यातली. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेच्या टोकाला, म्हणजे माण तालुक्यात, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी आपण साखर वाटतो. कोयनेचे ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वाशिष्ठीत जाते, वीज तेवढी आपल्याकडे येते. या ओल्या-कोरड्या भेदाची तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. पण त्या कोरडेपणाचा संबंध भिंतीतल्या पिनेशीही आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी कायद्याचे दोन शब्द, कारण 'घरच्या घरी वायरिंग' म्हटले की दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, बल्ब बदलायलाही वायरमन पाहिजे. दुसरा यूट्यूबवर पाच मिनिटांची फीत पाहतो आणि गच्चीवर नवीन पॉइंट काढून मोकळा होतो. कायद्याने रेघ फार शहाणपणाने ओढलेली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ती होती, आणि २०१० साली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने नवे विनियम केले, त्यांतही ती तशीच राहिली. दिवे, पंखे, फ्यूज, खटके, घरगुती उपकरणे यांची अदलाबदल, तीही मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, घरच्या माणसाने केली तर हरकत नाही. याहून अधिक काही, म्हणजे नवीन पॉइंट काढणे, तार वाढवणे, फेरफार करणे, हे परवानाधारक ठेकेदाराचे काम. थोडक्यात, मोडलेला खटका काढून तसाच दुसरा बसवणे हे तुमचे काम. जेथे सॉकेट नव्हते तेथे सॉकेट काढणे हे त्याचे. मीटर आणि त्याच्या मागची तार तर कोणाचीच नव्हे, ती कंपनीची.

पण जे काम आपण करायचे नाही, तेही आपल्याला कळले पाहिजे, असे माझे मत आहे. सुताराने दार वाकडे बसवले तर आपल्याला दिसते. वायरमनने तारा उलट्या जोडल्या, तर दिवा तसाच लागतो, पंखा तसाच फिरतो, आणि चूक वीस वर्षे भिंतीत निमूट बसून राहते.

आता तारांची ओळख. घरात येतात त्या दोन तारा: एक फेज आणि एक न्यूट्रल. फेज ही जिवंत तार. तिच्यावर २३० व्होल्टचा दाब. न्यूट्रल ही परतीची वाट, ती डी.पी.पाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून सगळे ठीक असताना तिच्यावर दाब जवळजवळ नसतो. मी 'सगळे ठीक असताना' म्हणालो, हे शब्द विसरू नका. तिसरी तार अर्थिंगची. परिभाषाकोशात तिला भूसंपर्कन म्हणतात. वायरमन अर्थिंग म्हणतो, आणि या बाबतीत मी कोशापेक्षा वायरमनच्या बाजूचा आहे. रंगांची खूण अशी: भिंतीतल्या वायरिंगमध्ये फेज तांबडी, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. उपकरणाबरोबर येणाऱ्या लवचीक वायरीत मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरवी-पिवळी असते. निळ्या रंगाचा हा घोटाळा ध्यानात ठेवा: भिंतीत निळी म्हणजे फेज असू शकते, मिक्सरच्या वायरीत निळी म्हणजे न्यूट्रल. आणि जुन्या घरांत रंगावर विश्वास ठेवूच नये. वायरमनपाशी त्या दिवशी जी गुंडाळी शिल्लक होती ती त्याने ओढलेली असते.

खटका म्हणजे काय? वाटेतले फाटक. दोनच स्क्रू, एकीकडून तार आत येते, दुसरीकडून दिव्याकडे जाते. यात चुकण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. चुकण्यासारखे हे, की फाटक कोणत्या वाटेवर बसवायचे. खटका फेजवरच बसला पाहिजे. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो आणि विझतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. तुम्ही खटका बंद करून, निश्चिंत मनाने, स्टुलावर चढून बल्ब बदलायला जाता, बोट होल्डरला लागते, आणि धक्क्यापेक्षा स्टुलावरून पडण्यानेच हाड मोडते. पूर्वी ही चूक ओळखू येत नसे. हल्लीच्या एल.ई.डी. दिव्यांनी एक उपकार केला आहे: खटका बंद करूनही रात्री दिवा काजव्यासारखा मिणमिणत राहिला, तर खटका न्यूट्रलवर असल्याचा संशय घ्यावा. मिणमिणण्याला दुसरी कारणेही असतात, प्रकाशणारा खटका हे त्यांतले एक. पण संशय घेऊन तपासून पाहण्यात काही खर्च होत नाही.

खटका बदलताना पहिले काम मेन स्विच बंद करण्याचे, हे शाळेतले पोरही सांगेल. आपल्याकडे भारनियमनाने एक नवी पंचाईत करून ठेवली आहे, ती इन्व्हर्टरची. मेन बंद केला, तरी इन्व्हर्टरला वाटते लाईट गेली, आणि तो इमानदारीने बॅटरीतून पुन्हा २३० व्होल्ट त्याच तारांत सोडतो. तेव्हा मेन बंद, इन्व्हर्टर बंद, आणि इन्व्हर्टरची जोडणीही सोडवलेली. छपरावर सौर पत्रे असतील तर त्यांचाही खटका बंद. आणि 'लाईट गेलीच आहे, तोवर करून घेऊ' ही म्हसवडची आवडती पद्धत सोडून द्या. गेलेली लाईट परत येताना दार वाजवीत नाही.

मग टेस्टर. दहा-वीस रुपयांचा तो पेचकस खिशाला लावून हिंडणारी माणसे मी पाहिली आहेत. तो वापरण्याची शिस्त थोड्यांपाशी असते. टेस्टरच्या आत एक मोठा रोधक असतो, त्यातून कणभर प्रवाह तुमच्या अंगातून जमिनीत जातो आणि निऑनचा दिवा पेटतो. म्हणजे टेस्टर पेटला तर तार जिवंत आहे, हे नक्की. पेटला नाही तर तार मेलेली आहे, हे नक्की नाही. टेस्टर बिघडला असेल, तुम्ही जाड रबरी चपलेत लाकडी स्टुलावर उभे असाल. म्हणून तो आधी जिवंत सॉकेटात लावून पाहा, मग कामाच्या तारेला लावा, मग पुन्हा जिवंत सॉकेटात लावा. मधली साक्ष खरी मानायची ती आधीची आणि नंतरची साक्ष जुळली तरच. मेन बंद केल्यावर घरात जिवंत सॉकेट उरत नाही, तेव्हा शेजाऱ्याकडचे वापरावे. शेजारधर्माचा हाही एक उपयोग.

बोर्ड उघडला की आत तारांचे जाळे दिसते. घाबरू नये आणि काही उपटूही नये. मोबाईलवर एक छायाचित्र काढून घ्यावे. या यंत्राचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल. एका खटक्यावरून दुसऱ्या खटक्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला अशी फेजची तार उड्या मारीत जाते. तिला वायरमन लूप म्हणतात. जुन्या खटक्याच्या ज्या स्क्रूखाली ती लूप आहे, त्याच बाजूला ती नव्या खटक्यात गेली पाहिजे, नाहीतर पुढचे दोन दिवे मुके होतात. तारेवरचे वेष्टण साधारण एक सेंटिमीटर सोलायचे, जास्त नको. सोललेले तांबे स्क्रूच्या बाहेर दिसता कामा नये. बारीक तंतूंची तार असेल तर तंतूंना पीळ द्या, एकही तंतू बाहेर डोकावू देऊ नका, आणि दोन-तीन तंतू जागेत मावत नाहीत म्हणून कापून टाकण्याची जी चलाखी आहे ती करू नका. स्क्रू घट्ट करा, मग तार हलकेच ओढून पाहा. सुटली तर आता सुटू दे.

हे घट्ट करण्याचे मी जरा सविस्तर सांगतो, कारण घरे शॉकने जितकी बदनाम झाली तितकीच ढिल्या स्क्रूने जळतात. ढिल्या जोडाचा रोध समजा एक दशांश ओहम आहे. किरकोळ वाटतो. त्यातून दहा अँपिअरचा प्रवाह गेला, तर उष्णता होते प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत: दहा गुणिले दहा गुणिले एक दशांश, म्हणजे दहा वॉट. दहा वॉटचा सोल्डरचा डाग देण्याचा इस्त्रीसारखा तापता खिळा प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून तासन्‌तास ठेवला, तर काय होईल? तेच येथे होते. आधी सॉकेट तपकिरी पडते, मग माशासारखा वास येतो, मग पिन ओढताना चिकटते. या तिन्हींपैकी एक जरी खूण दिसली, तरी ते सॉकेट त्या दिवसापासून बंद. ज्यांची घरे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आहेत, त्यांनी आत अ‍ॅल्युमिनियमची तार आहे का ते पाहावे. तांबे महाग व दुर्मिळ होते म्हणून त्या काळी ती पुष्कळ वापरली गेली. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड आपोआप ढिला होतो. त्यात तिला तांब्याची तार नुसता पीळ देऊन जोडली असेल तर तो जोड गंजतो आणि तापतो. असे वायरिंग बदलण्याचा खर्च मुलीच्या लग्नात एक पंगत कमी करून भागतो.

आता सॉकेट. आपली तीन गोल छिद्रांची पद्धत ही इंग्रजांच्या जुन्या मानकावरून आलेली. खुद्द इंग्लंडने ती घरांतून केव्हाच मोडीत काढली, आपण ती सांभाळली. दोन आकार: लहान ६ अँपिअरचा, मोठा १६ अँपिअरचा. समोर उभे राहून पाहिले, तर वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, खालचे उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. कारण पिन खुपसताना अर्थिंग सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी. जाड असते ती, जोड भक्कम व्हावा म्हणून, आणि चुकूनही फेजच्या छिद्रात शिरू नये म्हणून. इतका विचार करून केलेली ही पिन, आणि आपण काय करतो? सॉकेट दोन छिद्रांचे मिळाले, की पक्कड घेऊन वरची पिन छाटून टाकतो.

कोणत्या सॉकेटात काय लावायचे, याचे गणित तोंडी करता येते. उपकरणावर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागा. हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, लहान सॉकेटाला पेलते. दीड हजार वॉटची पाणी तापवायची कांडी साडेसहा घेते, पेलत नाही. दोन हजारांचा गिझर पावणेनऊ घेतो. घरातल्या पिठाच्या गिरणीचे आकडे पाटीवर लहान दिसतात, पण मोटर सुरू होते त्या क्षणी ती कितीतरी पट प्रवाह ओढते. तिला मोठेच सॉकेट हवे. आणि भिंतीआडची तारही तशीच हवी: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटाला अडीच, गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला चार. मोठ्या पिनेला लहान सॉकेटात बसवणारा एक जोडतुकडा बाजारात मिळतो. तो पिन बसवून देतो, तारेची जाडी वाढवून देत नाही.

आणि फ्यूज! वारंवार जातो म्हणून त्यात सायकलच्या ब्रेकची तार घालणारे महाभाग अजून आहेत. फ्यूज वारंवार जातो तेव्हा तो ओरडून काहीतरी सांगत असतो. त्याच्या तोंडात बोळा कोंबणे हा उपाय नव्हे.

आता मघाशी अर्धवट सोडलेल्या माणदेशाच्या मातीकडे येऊ.

कूलरच्या पत्र्याला जिवंत तार लागली. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल, तर वीज हिरव्या तारेने जमिनीत जाईल, मोठा प्रवाह वाहील, फ्यूज जळेल किंवा एम.सी.बी. पडेल आणि कूलर मुका होईल. पुस्तकात असे लिहिलेले असते. पुस्तक खोटे नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जमीन वीज घेते. कोकणातली ओली तांबडी माती ती घेईल, कृष्णाकाठची काळी माती घेईल. आपल्याकडे काय आहे? वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. फाल्गुनानंतर तर ती मातीसुद्धा भाजलेली. कोरडी माती आणि कातळ हे विजेचे वाहक नव्हेत, जवळजवळ विरोधकच आहेत.

हिशेब करा. तुमच्या अर्थिंगचा रोध १०० ओहम आहे असे धरू. उन्हाळ्यात, मुरमात ठोकलेल्या एखाद्या सळईचा एवढा रोध असणे मुळीच नवल नाही. २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. एवढ्या प्रवाहाने ५ अँपिअरचा फ्यूजही जळत नाही, कारण चटकन जळायला त्याला निदान दुप्पट प्रवाह लागतो. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला तर तत्काळ पडायला बहुधा ८० अँपिअरहून अधिक लागतो. म्हणजे कूलर चालूच राहील, पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाने जिवंत राहील, आणि मालक सांगेल, 'अहो, आमच्याकडे अर्थिंग आहे.' आहे, वायर आहे, पिन आहे, सळई आहे. नाही ते फक्त जमिनीशी नाते. ओल्या पायांच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर त्यातून २३० मिलिअँपिअर जातील. स्नायू आखडून हाताची पकड सुटेनाशी व्हायला दहा-पंधरा पुरतात. हृदयाची लय बिघडायला शंभराच्या आत पुरतात.

यावर काही वायरमन एक परीक्षा दाखवतात: फेज आणि अर्थिंग यांमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावतात. बल्ब लख्ख पेटला, की म्हणतात, अर्थिंग झकास. ही परीक्षा घरी करू नका, ती करताना घरातले सगळे पत्रे जिवंत होऊ शकतात. आणि तिचा निकालही फसवा असतो. शंभर वॉटच्या पेटत्या बल्बचा रोध पाचशे ओहमच्या वर. त्याच्यापुढे अर्थिंगचा पन्नास ओहमचा रोध काहीच नाही. बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो डौलात पेटतो. पन्नास ओहमचे अर्थिंग मात्र वर सांगितल्याप्रमाणे फ्यूज जाळू शकत नाही. अर्थिंग मोजायचे असते ते त्यासाठी केलेल्या मीटरने, आणि मोजायचे ते वैशाखात. आषाढात मोजलेले अर्थिंग म्हणजे मार्गशीर्षातल्या सिद्धनाथाच्या यात्रेत मोजलेली म्हसवडची लोकसंख्या.

दुसरी चलाखी याहून वाईट. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटाच्या आतच वरच्या छिद्राला न्यूट्रलचा तुकडा जोडतात. सगळे ठीक असते तोवर ठीक. पण खांबापाशी न्यूट्रल तुटला, की फेज दिव्यातून, पंख्यातून फिरून त्या न्यूट्रलवर येते, आणि तेथून थेट फ्रिजच्या, कूलरच्या, धुण्याच्या यंत्राच्या पत्र्यावर. तुम्ही काही न बिघडवता घरातली प्रत्येक लोखंडी वस्तू जिवंत झालेली असते. सॉकेटाच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटू लागला आणि दिवे मात्र लागत नाहीत, असे दिसले तर ओळखावे की न्यूट्रल तुटला आहे. कशालाही हात न लावता मेन बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.

मग माणदेशाने करायचे काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही हव्यात.

पहिली अर्थिंगचा खड्डा. अडीच मीटर लांबीचा, चाळीसेक मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, त्याला भोके पाडलेली, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे आणि झाकण. मिठाने आणि कोळशाने ओल धरून राहते. खड्डा बंगल्याच्या दर्शनी बाजूला फरशीखाली गाडण्याची हौस करू नये; तो न्हाणीच्या मागे करावा. प्यायला टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला मी 'अर्थिंगला रोज पाणी घाला' असे सांगितले, तर लोक मला हसतील, आणि बरोबरच हसतील. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरे छावणीत बांधलेली आपण पाहिली आहेत. पण न्हाणीचे, धुण्याभांड्यांचे पाणी तर उन्हाळ्यातही वाहतेच. ते परसातल्या कर्दळीला जाते. त्यातले बादलीभर नरसाळ्यात जाऊ द्या. मीठ पावसागणिक झिजते, तेव्हा चार-पाच वर्षांनी खड्डा उकरून ते पुन्हा भरावे लागते. घरात पाण्याचा लोखंडी नळ आहे, त्यालाच तार बांधू, असे म्हणू नका. पुढे कोठेतरी तो नळ प्लॅस्टिकचा झालेला असतो, आणि मग विजेला वाट मिळते ती शेजारणीच्या हंड्यातून.

दुसरी गोष्ट आर.सी.सी.बी. काही जण तिला अजून ई.एल.सी.बी. म्हणतात. ही डबी फेजने किती वीज आत गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, याचा सावकारापेक्षा काटेकोर हिशेब ठेवते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की काही वीज तिसऱ्याच वाटेने गेली असे ती समजते आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सगळे तोडून टाकते. माणदेशाला ही देणगी का, ते मघाच्याच हिशेबावरून पाहा. फ्यूजला ते २.३ अँपिअर पुरले नाहीत. हिला तीस मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे त्यांचा पंचाहत्तरावा हिस्सा. अर्थिंग शंभर ओहमचे असो, दोनशेचे असो. पत्र्याला जिवंत तार लागताच ती पडते, आणि बाईने हात टेकवण्याच्या आधी पडते. अर्थिंग मुळीच नसेल तरीही ती पडेल, पण तेव्हा ती तिसरी वाट म्हणजे त्या बाईचे शरीर असेल. धक्का बसून मग पडेल. म्हणून मी म्हणालो, दोन्ही हव्यात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले, तर मात्र ती काही करू शकत नाही. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे एक दिवा.

या डबीविषयी एक तक्रार घरोघर ऐकू येते: 'ती सारखी पडत होती, म्हणून वायरमनने काढून टाकली.' पुष्कळदा कारण तेच, मघाचे: कोणीतरी कोठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलेले असते, किंवा कांडी-हीटर आतून ओलावलेला असतो. एकेक उपकरण काढून, मग एकेक खोली तोडून दोष शोधावा लागतो. त्याला अर्धा दिवस जातो, आणि वायरमनच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला आपण नाखूष असतो; मग तो बिचारा पाच मिनिटांत डबीच काढून देतो. मी यात वायरमनला फारसा दोष देत नाही. तिच्यावर 'टी' लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. डबी पडली पाहिजे. न पडली, तर ती नुसती शोभेची आहे.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना दोन शब्द वेगळे. खांबावरून येणारी तार पत्र्याच्या कडेला घासते, वाऱ्याने वेष्टण झिजते आणि अख्खे छप्पर जिवंत होते. तार पत्र्यात शिरते तेथे प्लॅस्टिकची नळी हवीच. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार कदापि वापरू नका, निदान तिचे टोक पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधू नका. सुती किंवा नायलॉनची दोरी काही महाग नाही.

एवढे करूनही कोणी चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद. मेन दूर असेल, तर कोरडी लाकडी काठी घ्या. शेळ्या हाकायची वाळलेली काठी चालेल. नुकतीच तोडलेली हिरवी चालणार नाही, ऊस तर नाहीच नाही. सुटल्यावर श्वास चालू नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा जोराने दाबत राहावे, रुग्णवाहिका येईपर्यंत. 'गेला' असे आपण म्हणायचे नाही, ते डॉक्टरांनी म्हणायचे.

भगिनींना एक विनंती. बोर्ड हा पुरुषांचा विषय, अशी एक समजूत आहे. कूलरमध्ये पाणी कोण भरते, इस्त्री कोण करते, कांडी-हीटर बादलीत कोण घालते? ज्या गावात बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली, तिचा हिशेब चालवला, त्या गावातल्या बायकांना तीन तारांचा हिशेब अवघड जाईल, असे मला मुळीच वाटत नाही. पाणी भरण्याआधी कूलरची पिन ओढून काढायची, खटका नुसता बंद करून भागायचे नाही, कारण तो खटका फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे अजून कोणी पाहिलेले नाही.

या टेबलावर मी एक लाकडी बोर्ड आणला आहे. त्यावर दोन खटके, एक लहान सॉकेट, एक मोठे, आणि तिन्ही रंगांच्या तारांचे तुकडे आहेत. पेचकस आणि पक्कड शेजारी आहेत. त्याला वीज जोडलेली नाही. ज्यांना हाताने जोडून पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. मुलांना आधी जागा द्यावी. आणि ज्यांच्या घरी आर.सी.सी.बी. बसवलेली आहे, त्यांनी आज घरी जाऊन, जेवणापूर्वी, ते 'टी'चे बटण दाबून पाहावे. पडली की नाही, ते उद्याच्या व्याख्यानाला आल्यावर मला सांगा.